मुक्ताबाईंची बाजू

२४ जानेवारी, शनिवार

सोमवारच्या झेंडावंदनाची आणि सत्यनारायणाची तयारी म्हणून आज आमच्या सागरछाया सोसायटीत नुसती लगीनघाई, आणि नवरदेवाचा मान आमच्या विश्वजितरावांना. सेक्रेटरी झाल्यापासून हे घरात पाण्याचा ग्लास उचलत नाहीत, पण खाली कंपाउंड धुवायचं म्हटलं की पँट दुमडून तयार. टँकर मागवला होता. कंपाउंडही धुऊन घ्यायचं आणि उरलेल्यात फ्लशची टाकीही भरायची, असा बेत. फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालता घालता दुसऱ्या हाताने टँकरवाल्याला इशारे चालले होते, "इधर, इधर, अरे आगे लो!" त्या गडबडीत त्याने ती जाड नळी ओढत माझ्या रांगोळीवरून थेट टाकीच्या निळ्या झाकणापर्यंत नेली. माझा अर्धा मोर वाहून गेला. ह्यांना त्याचं काही नाही.

उरलेल्या मोराचे फोटो काढले आणि ब्लॉगवर टाकले, टँकर नि सेक्रेटरीसाहेबांसकट. करोनात वेळ जात नव्हता म्हणून सुरू केलेला माझा 'खिडकीतून घणसोली' आता सेक्टरातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतो. डॉक्टरांच्या रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा विचारते, "मॅडम, नवीन काय?" वाचत नाहीत ते फक्त हे.

महाप्रसाद यंदा गावठाणातल्या मुक्ताबाईच्या मेसला दिलाय. ही नमिताची शिफारस. नमिता म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची, सोसायटीची खजिनदार, माहेर इथलंच गावठाण. तिला मुक्ताबाईचा एवढा पुळका का, ते मला कळत नाही. काहीतरी असल्याशिवाय कुणी कुणासाठी एवढं बोलत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सगळं छान पार पडलं. मसालेभात, मटकीची उसळ, पुरी, जिलबी, मठ्ठा. सगळं मुक्ताबाईने मेसमध्ये शिजवून टेम्पोतून आणलं. मुक्ताबाई पाटणकडची, मी कराडची. उसळीतला कांदा-लसूण मसाल्याचा वास आला आणि आईच्या स्वयंपाकघरात जाऊन आल्यासारखं झालं. "ताई, आजून एक पुरी घ्या की, आपल्याकडच्या मान्साला कमी खाल्लेलं मला बघवत न्हाई," म्हणाली. मी दोन घेतल्या.

मठ्ठा घेतला नाही, थंडीत घसा धरतो. पाणीही घरी येऊन प्याले, दिवाळीत घेतलेल्या नव्या फिल्टरचं. खाली मांडलेल्या त्या पिंपातलं पाणी आणि सगळ्यांनी तोंड लावलेले पेले मला नको वाटतात.

नमिताचा सोमवारचा उपवास. ताटाला हातही लावला नाही, प्रसादसुद्धा "उद्या सोडताना खाईन" म्हणून पुडीत बांधून नेला. बाई टॉवरमध्ये राहून अजून फिल्टरला हात न लावता माठातलं पाणी पिते, पण उपवास बघा केवढे कडक.

२७ जानेवारी, मंगळवार

काय हा प्रकार! पहाटेपासून निम्मी सोसायटी आजारी. उलट्या, जुलाब. पोरं गळून गेलीत. सहाव्या मजल्यावरच्या जोतीरामअण्णांना तर ॲडमिट करून सलाईन लावलंय. वयस्क माणूस.

आम्ही दोघं ठणठणीत. मी विचार करत बसले. आम्ही काय खाल्लं नाही, जे बाकीच्यांनी खाल्लं? मठ्ठा! ह्यांनाही मठ्ठा चालत नाही. चोर सापडला.

गंमत म्हणजे नमितापण आजारी. काल दिवसभर उपवास ना तुमचा? मला आत्ता कळलं त्या पुडीत प्रसाद होता की जिलबी. उपवासाच्या नावाखाली घरी नेऊन हाणलं असणार, आणि वर मठ्ठा. मी तिला फोन करून "कसं वाटतंय" विचारलं तर म्हणते, "काकू, मी तर काही खाल्लंच नाही हो." म्हटलं, हो हो, आराम कर.

लिहावं की नको, असं दुपारी मनात होतं. गरीब बाई आहे, आपल्याकडची आहे. हे खाली जाऊन टाक्यांपाशी काहीतरी बघून आले होते, चेहरा उतरलेला. लोकांचे फोन घेऊन दमले असतील. मी विचारलं, लिहू का मेसबद्दल? तर हे माझ्या शेजारी येऊन बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या लिहिण्यासाठी हे असे शेजारी कधी बसले नव्हते.

"लिही," म्हणाले. "लोकांना कळलं पाहिजे. तुझ्या शब्दाला वजन आहे. नाव घालून लिही, उगाच मोघम नको."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. एका बैठकीत लिहून काढलं. मथळा: 'महाप्रसाद की विषप्रसाद?' हे वाचून म्हणाले, "एक नंबर."

२९ जानेवारी, गुरुवार

लेख वणव्यासारखा पसरला. ऐरोली, कोपरखैरणे, पार तळोज्याच्या ग्रुपवरून लोक मला पाठवतात, "हे तुमचंच ना?" सोसायटीने लेटरहेडवर तक्रार केली, तपासणीचे लोक मुक्ताबाईकडून नमुने घेऊन गेले. निकाल येईपर्यंत मेस बंद.

सेक्रेटरीसाहेब म्हणजे कामाचा झपाटा! काल लोक झोपून होते तेवढ्यात भर दुपारी माणसं बोलावून दोन्ही टाक्या घासून काढल्या. दिवसभर नळाला पाणी नव्हतं आणि नंतर आलं त्याला टीसीएल ब्लीचिंग पावडरचा भपकारा. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "साथ आहे, काळजी घेतलेली बरी." आजाऱ्यांच्या घरी पाण्याचे जारही पाठवले, पदरचे. मी ब्लॉगवर चार ओळी ह्यांच्या कौतुकाच्या टाकल्या. फक्त 'आमचे दक्ष सेक्रेटरी' असं लिहिलं, नवऱ्याचं कौतुक कुठे नावानिशी करायचं!

३० जानेवारी, शुक्रवार

मुक्ताबाई दाराशी आली होती, नवऱ्याला घेऊन. भैरू त्याचं नाव, वाशीच्या मार्केटला माथाडी आहे. मी जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच बोलले.

"ताई, माझं काय चुकलं वो?" एवढंच म्हणाली. "मठ्ठा मी सोताच्या हातानं घुसळलाय. माझ्या हातचं खाऊन आजवर कुनाचं डोस्कं बी दुखलं न्हाई. तुमी येकदा इचारायचं तरी होतं."

"तपासणीत कळेल ते," मी म्हटलं.

"तवर पोरं जेवायची थांबत्यात व्हय? समदी दुसऱ्या खानावळीला लागली. गेलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाई, ताई."

भैरू काही बोलला नाही. टोपी काढून हातात धरून उभा. हा असा गप्प माणूसच मला संशयास्पद वाटतो. ज्याच्या मनात काही नाही तो बोलतो. निरपराध माणूस आरडाओरडा करेल की नाही? ही दोघं इतकी नम्र का?

जाताना पायरीवर पिशवी ठेवली. आत घेवड्याच्या शेंगा, गावाकडच्या. मी त्या घेतल्या नाहीत, वॉचमनला देऊन टाकल्या. उद्या म्हणतील लाच दिली.

१ फेब्रुवारी, रविवार

ह्यांची एक गंमत. नाश्त्याला म्हणाले, "ते तू शनिवारचे तयारीचे फोटो टाकलेत ना, तो टँकरजवळचा काढून टाक. माझं पोट किती दिसतंय!" आयुष्यभर पोटाची पर्वा केली नाही आणि आता साठीला आल्यावर लाज वाटायला लागली. मी हसून काढून टाकला. ब्लॉगचं हेच बरं असतं, नको ते दोन बोटांत पुसता येतं.

पण म्हणजे हे माझा ब्लॉग मागे मागे जाऊन वाचायला लागलेत! उशिरा का होईना.

२ फेब्रुवारी, सोमवार

वाशीच्या एका पेपरची बातमीदार आली होती. संघप्रिया नाव. पोरगी तिशीच्या आतली, पाठीला सॅक, बसने आलेली. मी चहा केला, म्हटलं आता माझा लेख पेपरात येणार. बसल्या बसल्या तिने विचारलं, "काकू, लिहायच्या आधी तुम्ही मुक्ताबाईंशी बोलला होता?"

"चोराला जाऊन विचारायचं का, बाबा रे, चोरी केलीस का?"

"हो, विचारायचं. तो नाही म्हणाला तर तेही लिहायचं."

"मग वाचणाऱ्याने काय समजायचं?"

"ते त्याचं त्याने ठरवायचं. काकू, तुम्हाला काय, तुम्हाला वाटलं ते तुम्ही लिहू शकता. मला वाटलं ते मला कुणी छापूच देत नाही. आमचे संपादक विचारतात, तुला वाटतं हे झालं, आता काय कळलं ते सांग."

मला हसू आलं. एवढ्या शिकलेल्या पोरी, आणि कुणाच्या तरी परवानगीने लिहिणार. माझ्यावर संपादक नाही, मालक नाही, जाहिरातदार नाही. मी बघते आणि लिहिते. हिच्या दहा ओळी छापून येईपर्यंत लोक आजार विसरलेले असतील.

मग तिने विचित्रच प्रश्न काढले. जेवले पण आजारी पडले नाहीत, असं कोण? मी म्हटलं आम्ही दोघं. घरी पाणी कुठलं पिता? म्हटलं फिल्टरचं, का गं? नुसती मान हलवली. न जेवता आजारी पडलं असं कुणी आहे? मी हसत हसत नमिताच्या जिलबीची गोष्ट सांगितली. माठाचंही सांगितलं. ती मात्र हसली नाही. लिहायची थांबली, मग म्हणाली, "नमिताताई कितव्या मजल्यावर?"

खालून जाताना तिने वॉचमनला टाक्या कुठे आहेत ते विचारलं म्हणे. हिला मेसचं लिहायचंय की आमचं प्लंबिंग तपासायचंय? मला ही मुलगी सरळ वाटत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

संशय खरा ठरला.

वाशीला मार्केटला संत्री आणायला गेले होते. येताना म्हटलं पेपरच्या ऑफिसात डोकावू, आपली बातमी का अडली ते बघू. ऑफिस कसलं, एका गाळ्याच्या वरचा माळा. संघप्रिया जेवत होती. समोर स्टीलचा तीन पुडांचा डबा, आणि झाकणावर ठोकून काढलेलं अक्षर: 'मु'. मी ते डबे ओळखते. आमच्या समोरच्या गल्लीतून रोज सायकलवर जायचे.

तिने माझी नजर पाहिली. "मुक्ताबाईंचाच आहे. मेस बंद झाल्यापासून परत द्यायचा राहिलाय," म्हणाली. "आज घरून भरून आणलंय. आधी मी त्यांच्याकडूनच जेवायचे. पहिल्याच दिवशी संपादकांना सांगितलंय मी."

चोर तो चोर वर शिरजोर! जिचं मीठ खायचं, तिच्याविरुद्ध हिची लेखणी कशी चालणार? घरी येऊन लिहिलं: 'पेपर कुणाच्या डब्यावर चालतो?' सेक्रेटरीसाहेबांनी वाचलं. ह्या वेळी 'एक नंबर' म्हणाले नाहीत. "ती मुलगी इथे येऊन गेली? टाकीपाशी?" एवढंच विचारत राहिले. मग गॅलरीत जाऊन दार लावून कुणाशी तरी बोलत होते. आवाज हळू. मला तर वाटतं ह्यांना यंदा चेअरमनपद हवंय आणि मला सांगायची लाज वाटतेय.

७ फेब्रुवारी, शनिवार

गावठाणात कोथिंबीर घेत होते तर गोटीराम आडवा आला. मुक्ताबाईची मेस ज्याच्या खोलीत, तो घरमालक. पूर्वी शेती होती, आता तीन चाळींचं भाडं खातो.

"बाय, जरा थांब," म्हणाला. "सव्वीसला तुमाला जो जेवन दिला, तोच भात, तीच उसल, तोच मठ्ठा तिचे मेसीन पन होता. मी सोता जेवलूं. आमचे गावान येक मानूस आजारी नाय. मंग तुमचेच बिल्डिंगीन कसा काय?"

मी म्हटलं, "तुम्हाला भाड्याची काळजी."

"भारा गेला खड्ड्यान. ती बाय रोज सकाली उठून रिकामी चूल पुसते, ता बघवत नाय. तू लिवनारी हाईस ना? मंग जरा इचार करून लिव."

कोथिंबीरवाली तोंडाला पदर लावून हसत होती. मी तरातरा घरी आले. गाववाले सगळे एक. नमिताही त्यांचीच. मला चहूकडून घेरल्यासारखं वाटतंय आणि ह्यांना सांगावं तर हे तिसऱ्यांदा गॅलरीत.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तोच मठ्ठा त्यांनीपण प्यायला? खोटं बोलत असेल. बोलतच असणार.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते, नाहीतर वेड लागेल.

दुपारी संघप्रियाचा फोन आला. म्हणाली, "काकू, उद्याच्या अंकात बातमी जातेय. तुमचं नाव आहे, म्हणून आधी तुम्हाला वाचून दाखवते. तुमची बाजू सांगा, ती छापू." आणि वाचायला लागली.

मेसमधले नमुने निर्दोष निघाले. त्याच दिवशी तेच जेवण जेवलेल्या मेसमधल्या एकालाही त्रास झाला नाही. उलट सोसायटीत उपवास असलेल्या, जेवणाला हातही न लावलेल्या बाईला झाला. ज्या घरांत नवे फिल्टर आहेत ती घरं बहुतेक बरी राहिली. चोवीस तारखेला मागवलेला टँकर बागेला घालायच्या पाण्याचा होता. फ्लशची टाकी लाल झाकणाची, पिण्याची निळ्या झाकणाची.

निळ्या झाकणाची. मी खुर्चीत बसले.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्हीच, काकू. तुमच्या ब्लॉगवर फोटो होता. टँकरवर लिहिलेलं वाचता येतं, 'पिण्यासाठी नाही'. आणि नळी कुठे गेलीय तेही दिसतं. तुम्ही तो नंतर काढला, पण मी त्याआधीच ठेवून घेतला होता. टाक्या अठ्ठावीसला साफ केल्या, तेही तुमच्याच ब्लॉगवर वाचलं. टँकरवाल्याशी बोलले, तोही कबूल आहे." मग म्हणाली, "दोन प्रश्न आहेत. लिहिण्यापूर्वी मुक्ताबाईंना का विचारलं नाही? आणि सेक्रेटरी तुमचे मिस्टर आहेत, हे तुम्ही वाचकांना कुठेच का सांगितलं नाही?"

मी म्हटलं, थांब जरा. ती म्हणाली, "घाई नाही. संध्याकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर तसं लिहीन." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

हे समोरच उभे होते. हाताने 'नाही, नाही' करत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "सांग तिला, काही माहीत नाही म्हणून. फोटो आपण काढलाय."

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"निळं झाकण."

ह्यांनी गॅलरीचं दार लावलं. मग म्हणाले, "सत्तावीसला. फ्लशची टाकी बघितली तर पाणी तळाला. मुद्दाम नाही केलं गं मी. त्या गाढवाने कुठे नळी घातली..."

"सत्तावीसला कधी?"

"दुपारी."

दुपारी. म्हणजे आधी टाकी बघून आले आणि मग माझ्या शेजारी येऊन बसले. नाव घालून लिही, मोघम नको. तुझ्या शब्दाला वजन आहे.

"जोतीरामअण्णांचं काही बरंवाईट झालं असतं तर?" मी म्हटलं.

"झालं नाही ना? आणि मेसवालीचं काय, ती उद्या दुसरीकडे चूल मांडेल. माझं नाव सोसायटीत गेलं तर मी कुठे जाऊ?"

मला रडू आलं, पण ते मुक्ताबाईसाठी होतं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःचं आलं. नवऱ्याने पहिल्यांदा माझं लिहिणं मनापासून वाचलं, ते असं. मी दाराबाहेरच्या सगळ्यांवर संशय घेतला. नमितावर, भैरूच्या टोपीवर, डब्यावरच्या अक्षरावर. ह्या एका माणसावर घेतला नाही.

संध्याकाळी मीच फोन केला. हे म्हणाले, "मंजू, घरातलं बाहेर जाऊ देऊ नकोस." मी स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावली. संघप्रियाला म्हटलं, "लिही. मी कुणालाही विचारलं नव्हतं. सेक्रेटरी माझे मिस्टर आहेत आणि ते मी लपवलं. फोटो मोठा हवा असेल तर मूळ फोनमध्ये आहे, पाठवते."

ती म्हणाली, "परत वाचून दाखवू? तुमचं वाक्य आहे, एक शब्द इकडे तिकडे नको."

वाचून दाखवलं. एक शब्द इकडे तिकडे नव्हता.

११ फेब्रुवारी, बुधवार

पान चार. खालच्या कोपऱ्यात. मुक्ताबाईचं म्हणणं, माझं म्हणणं, 'सेक्रेटरींनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला', टँकरवाल्याचं म्हणणं. शेवटी बारीक अक्षरात: बातमीदार पूर्वी या मेसमध्ये जेवत असत. मी ज्यावरून अख्खा लेख रंगवला ते तिने स्वतःच लिहून टाकलं, एका ओळीत. 'विषप्रसाद' असा एकही शब्द कुठे नाही. किती रुक्ष बातमी! आणि तरी मला तीनदा वाचावी लागली.

मी माझे दोन्ही लेख काढले. माफी लिहिली आणि टाकली. ह्यांनी राजीनामा दिला. हॉलमध्ये टीव्ही लावून बसलेत, आवाज बंद करून. घरचा भेदी म्हणाले मला. जेवण वाढलं, जेवले.

नमिताचा मेसेज आला, "काकू, जिलबीचं मला आजच कळलं." पुढे काही नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज धीर करून मेसवर गेले. गोटीराम ओट्यावर बसला होता, त्याने मान वळवली. मुक्ताबाई मोठी पातेली पोत्यात भरत होती. भैरू पोत्याचं तोंड बांधत होता.

"मुक्ताबाई," मी म्हटलं, "तुमचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय. तुम्ही सांगाल तसं, शब्दन् शब्द लिहीन."

ती उभी राहिली, हात पुसले. "आता इचारताय व्हय, ताई?" म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखी. "पेपरात आलं की माझं म्हननं. त्या पोरीनं लई नीट लिवलं. पर पेपर येक दिवस येतो वो. तुमचं ते मोबाईलवरचं आजून फिरतंय. काल माझ्या दिराचा फोन आला, वैनी, खरं काय म्हनून. इथं मेस लावायला कोन येतंय आता? गावाकडं जातो."

"मी काढून टाकलंय ते."

"तुमच्याकडनं काढलं असंल."

बसा म्हणाली नाही. निघाले तेव्हा मात्र म्हणाली, "त्या दिवशीच्या शेंगा खाल्ल्या का? आपल्या मळ्यातल्या हुत्या." मी हो म्हटलं. हे खोटंही आज लिहून ठेवते.

घरी येऊन फोन बघितला. कराडहून बहिणीने काहीतरी पाठवलं होतं. उघडलं तर माझाच लेख. 'महाप्रसाद की विषप्रसाद?' माझं नाव गळून पडलेलं, वर कुणीतरी चार लाल उद्गारचिन्हं जोडलेली, खाली मुक्ताबाईचा मेसच्या दारातला फोटो, तो कुठून आला देव जाणे. सोबत बहिणीची ओळ: "अगं, हे तुमच्या घणसोलीतलंय. बाहेरचं खात जाऊ नका."

मी लगेच लिहिलं: "हे खोटं आहे. कुणाला पाठवू नकोस. हे मीच लिहिलं होतं."

तिचं उत्तर आलं: "तू लिहिलंयस होय? मग खरंच असणार. मी अजून दोन ग्रुपवर टाकते."

फोन लावतेय. ती उचलत नाही.